खडीसाखरेचा नाताळ

१९१४च्या डिसेंबरात फ्रान्सच्या आघाडीवर चिखलात उभ्या असलेल्या शिपायांना एक पितळी डबी वाटण्यात आली. पंजात मावेल एवढी. झाकणावर राजकुमारी मेरीचा चेहरा आणि भोवतीनं दोस्त राष्ट्रांची नावं. पाचव्या जॉर्जची ही १७ वर्षांची लेक. तिच्या नावानं इंग्लंडात वर्गणी गोळा झाली होती आणि ख्रिसमसच्या दिवशी गणवेशात असलेल्या प्रत्येकाला भेट पोचवायची असं ठरलं होतं. गोऱ्या शिपायाला पाइप, पाइपात भरायची तंबाखू, सिगारेटी, लायटर. न ओढणाऱ्याला आंबटगोड गोळ्या.

अडचण आली ती हिंदुस्थानी पलटणींची. त्यांना काय द्यायचं? समितीनं बसून वेगळी यादी केली. गुरख्यांना गोऱ्यांसारखंच. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची डबी. बाकीच्या हिंदुस्थानी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. पाणी वाहणाऱ्या भिश्त्यांना नुसता मसाला. शुभेच्छापत्र मात्र सगळ्यांना सारखं. भिश्त्याची खडीसाखर कुणी आणि का कापली हे समितीलाच ठाऊक. साम्राज्याच्या भेटीतही पायरी सुटत नव्हती.

त्या आघाडीवर किरकीच्या सॅपर्स पलटणीच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या आणि त्यांत मराठे होते. ऑक्टोबरअखेरीस न्यूव्ह शापेलच्या लढाईत या कंपन्यांची दाणादाण उडाली होती. त्यातून वाचलेल्यांच्या पुढ्यात दोन महिन्यांनी आला तो परक्या मुलखातला, परक्या धर्माचा, ज्याचं नावही नीट उच्चारता येत नाही असा सण. आला तो मात्र खडीसाखर आणि मसाला घेऊन. डबी पाठवणाऱ्यांनी एक प्रश्न तरी विचारला होता: हा गडी खातो काय?

परदेशात ख्रिसमस कसा जातो, या विषयावर हल्ली दर डिसेंबरात लिहून येतं. रोषणाई, बर्फ, सजवलेली झाडं, ऑफिसातल्या पार्ट्या. बेळगाव-निपाणीकडून या विषयाकडे पाहिलं तर चित्र जरा निराळं दिसतं. या पट्ट्यातली माणसं परक्यांचा नाताळ शंभर वर्षांहून अधिक काळ पाहत आली आहेत, आणि परके लोक त्यांच्या गावात येऊन आपला नाताळ करत आले आहेत त्याला तर दोनशे वर्षं झाली. दोन्ही बाजूंनी पाहुणचाराची खरी कसोटी लागते ती ताटात.

आधी पलटणीचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. १९२२मध्ये इंग्रजांनी जुन्या मराठा पलटणींची फेरमांडणी केली. १०३, १०५, ११०, ११६, ११७ अशा नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि ११४ नंबरची पलटण भरती-प्रशिक्षणासाठी बेळगावात बसली. सातारा, कोल्हापूर, कोकण आणि बेळगावचा हा पट्टा हा त्यांचा भरतीचा मुलूख. गावात कुणी एक म्हातारा तरी ‘मिलिट्रीत होता’ असं घर शोधायला इथे फार चालावं लागत नाही.

यांतल्या तीन पलटणी, १०३, ११० आणि ११७, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. बगदादकडे निघालेल्या जनरल टाउनशेंडच्या फौजेला माघार घ्यावी लागली. डिसेंबर १९१५च्या सुरुवातीला ती टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत या गावात शिरली आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी तिला कोंडलं. गावाच्या एका टोकाला मातीच्या भिंतींची गढी होती. २४ डिसेंबरला, म्हणजे ज्या संध्याकाळी इंग्लंडातली पोरं मोजे टांगून झोपतात त्या दिवशी, तुर्कांनी त्या गढीवर तोफा डागल्या. भिंतींना खिंडारं पडली, ईशान्येच्या बुरुजातून तुर्क आत घुसले आणि हातघाईची लढाई झाली. गढीत ऑक्सफर्डशायरचे गोरे होते, ११९ नंबरची हिंदुस्थानी पलटण होती आणि १०३ नंबरचे मराठे होते. तुर्कांना बाहेर रेटलं. रात्री पुन्हा हल्ला झाला आणि तोही परतवला. २५ तारखेची सकाळ उजाडली तेव्हा बुरुजाभोवती प्रेतं पडली होती. मराठ्यांचा हा नाताळ.

पण कूतची गोष्ट तिथे संपत नाही. वेढा लांबला, धान्य सरलं आणि फौजेचे घोडे-खेचरं कापायची पाळी आली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. हिंदुस्थानी शिपायांपैकी बहुतेकांनी नाही म्हटलं. धर्म आड येत होता, आणि त्याहून जास्त गावाकडे परत गेल्यावर लोक काय म्हणतील हा धाक होता. भाजीपाल्यावाचून आणि मांसावाचून नुसत्या पिठावर राहिलेल्या या शिपायांना स्कर्व्हीनं घेरलं. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांकडून ‘आपत्काळात चालेल’ असे निरोप बिनतारी यंत्रानं मागवले गेले. तोवर उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ला कूत पडलं आणि १३ हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली. १९१४ला फ्रान्समध्ये ज्या सरकारनं मसाल्याच्या डब्या मोजून पाठवल्या, त्याच सरकारच्या फौजेत सव्वा वर्षानं ‘हा खातो काय’ या प्रश्नानं माणसं आजारी पाडली.

दुसऱ्या महायुद्धातला नाताळ इटलीत गेला. सप्टेंबर १९४३मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन आठव्या हिंदुस्थानी डिव्हिजनबरोबर इटलीच्या दक्षिण टोकाला उतरली. नोव्हेंबरात सांग्रो नदी ओलांडली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डिव्हिजन व्हिला ग्रांदे या गावाशी झुंजत होती आणि काही किलोमीटरवर समुद्रकाठच्या ओर्तोना शहरात कॅनडाच्या पलटणी घराघरातून लढत होत्या. तिथल्या सांता मारिया दी कोस्तांतिनोपोली या चर्चमध्ये कॅनडाच्या सीफोर्थ हायलँडर्सनी २५ डिसेंबरला पांढऱ्या चादरी अंथरून ख्रिसमसचं जेवण मांडलं. एकेक कंपनी आघाडीवरून यायची, जेवायची, आणि पुन्हा लढायला जायची. कित्येकांचं ते शेवटचं जेवण ठरलं. हे दृश्य कॅनडात आजही सांगितलं जातं. त्याच आठवड्यात, त्याच चिखलात असलेल्या हिंदुस्थानी पोरांच्या ताटात काय होतं, याची अशी गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. सांग्रोच्या युद्धस्मशानात दहन केलेल्या पाचशेहून अधिक हिंदुस्थानी सैनिकांची नावं कोरलेली आहेत, तेवढीच त्यांची आठवण. नाही म्हणायला मॉन्टोने या गावानं २०२३मध्ये नाईक यशवंत घाडगे यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. जुलै १९४४मध्ये त्याच भागात लढताना ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता उलट बाजू. बेळगावचा किल्ला १८१८मध्ये इंग्रजांच्या हाती आला आणि किल्ल्याच्या बाजूला लष्करी कॅम्प वसला. १८२०मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथे आले. १८३२मध्ये मिशनची इंग्रजी शाळा निघाली, तीच पुढे बेनन स्मिथ. १८५६मध्ये जेझुइटांची सेंट पॉल्स सुरू झाली. कॅम्पातलं दगडी सेंट मेरीज चर्च १८६९चं. म्हणजे ज्ञानेश्वरी-दासबोध वाचणाऱ्या आणि बसवण्णांची वचनं म्हणणाऱ्या या गावात पंचवीस डिसेंबरला घंटा वाजू लागल्याला खूप काळ लोटला.

त्या साहेबाचा नाताळ कसा होता? बहुधा हिरमुसलेला. बर्फ नाही, देवदार नाही, हॉलीच्या झुडपाची लाल फळं नाहीत. मग माळी बंगल्याच्या खांबांना झेंडूच्या माळा आणि केळीची पानं बांधायचा. दसऱ्याला दारावर जे लावायचं तेच त्यानं साहेबाच्या सणाला लावलं, कारण सण म्हटल्यावर त्याच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. ‘बडा दिन’ हे नावही नोकरांच्या आणि बाजारपेठेच्या हिंदुस्तानीतलं. त्या दिवशी साहेबाकडे ‘डाली’ जायची: टोपलीत फळं, सुका मेवा, फुलं, कधी केक. ठेकेदार, सावकार, कारकून रांगेनं येऊन डाली ठेवत. वरकरणी ती भेट होती. आत वर्षभराच्या कामांचं तेल-वंगण होतं. दिवाळीला आजही सरकारी बंगल्यांवर जाणाऱ्या खोक्यांची ही आजी.

सगळे साहेब बंगल्यात बसून हिरमुसले नव्हते. निपाणीहून ४० किलोमीटरवर, कोल्हापुरात, १८५२मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा पुढारी झाला. कॅनडाचे डॉक्टर विल्यम वानलेस १८८९मध्ये आले. १८९४मध्ये त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला आणि पुढची तीसेक वर्षं तिथेच काढली. मिरजेच्या डिसेंबरात थंडी पडली म्हणून कुणी शाल गुंडाळावी आणि ओंटारिओच्या माणसानं ती बघून हसावं, असे किती नाताळ गेले असतील. त्या दवाखान्याला या पट्ट्यातले लोक अजून ‘वानलेस’च म्हणतात.

पण परक्या मुलखातला नाताळ खऱ्या अर्थानं पचवला तो यांच्याही तीनशे वर्षं आधी आलेल्या एका इंग्रजानं. थॉमस स्टीफन्स १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. हिंदुस्थानात येऊन राहिलेला, नावानिशी ठाऊक असलेला पहिला इंग्रज हाच. १६१९मध्ये तो गोव्यातच वारला, म्हणजे जवळपास ४० नाताळ त्यानं इथे काढले, बरेचसे सासष्टीतल्या खेड्यांत. लोकांना पुराण ऐकायची सवय होती, हे त्यानं हेरलं. मग त्यानं ख्रिस्ताची गोष्ट लॅटिनमध्ये घोकून घ्यायच्या ऐवजी मराठीत, ओवीत, सुमारे ११ हजार ओव्यांत सांगितली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत बेथलेहेमचा गोठा आणणं हे धाडस होतं की धर्मप्रसाराची युक्ती, यावर वाद घालता येईल. दोन्ही होतं. पण मराठी कानाला तो नाताळ परका वाटला नाही, एवढं खरं.

शब्दांकडेच पाहा. मराठी माणूस ‘ख्रिसमस’ म्हणण्याआधी ‘नाताळ’ म्हणत होता. ‘नाताल’ हा पोर्तुगीज शब्द, अर्थ जन्माचा. तो गोव्यातून घाट चढून वर आला आणि ‘नाताळची सुट्टी’ होऊन शाळेच्या वेळापत्रकात बसला. त्याच वाटेनं पाव आला, बटाटा आला, काजू आला, पगार आला, चावी आली. आणि निपाणीकरांनी कान टवकारावेत असा एक शब्द आला: तंबाखू. ज्या पिकावर निपाणीच्या वखारी उभ्या राहिल्या, ज्याच्या वासानं बाजारात नवख्याला ठसका लागतो, ते पीक आणि त्याचं नाव दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतातून आले. अकबराचा सरदार असद बेग १६०४-०५च्या सुमारास विजापूरला गेला होता, तेव्हा तिथे त्याला तंबाखू दिसली आणि त्यानं ती नवलाई म्हणून बादशहाकडे नेली. विजापूरच्या अंमलाखाली तेव्हा बेळगावही होतं. निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बाईच्या सुपातली तंबाखू आणि बेळगावच्या कॅम्पातल्या आजीच्या ओठावरचा ‘नाताळ’ हे एकाच जहाजाचे उतारू आहेत.

राजकारणातही नाताळानं हातभार लावला, तोही नकळत. काँग्रेसची अधिवेशनं डिसेंबरच्या शेवटी का भरत? कारण पुढारी बहुतेक वकील आणि कोर्टांना तेव्हा नाताळची सुट्टी. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते बेळगावचं अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबर १९२४ला भरलं. टिळकवाडीत त्यासाठी खणलेली विहीर आजही दाखवली जाते. साहेबाच्या सणाची सुट्टी साहेबाला घालवायच्या कामी आली.

आजच्या बेळगावात नाताळ म्हणजे कॅम्प. गोव्यातून आलेली कॅथलिक घरं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. पोर्तुगीज अमलात इंग्रजी शिक्षणासाठी गोव्याची मुलं बेळगावात येत. १८८८च्या सुमारास मुरगाव-लोंढा रेल्वे सुरू झाल्यावर तर वाट आणखी सोपी झाली. १९५३मध्ये बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. इथे प्रार्थना कोकणीत, मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत होतात. एकाच येशूला चार भाषा कळतात, त्यावरून मोर्चा निघत नाही. बेळगावात ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखीच.

डिसेंबर अर्धा सरला की या घरांत कुलकुल वळायला बसतात. मैदा, रवा, नारळाचं दूध घालून मळलेलं पीठ. त्याची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा या कामासाठी राखून ठेवलेल्या कोऱ्या फणीवर अंगठ्यानं दाबत पुढे लोटायची. गोळी गुंडाळत येते आणि तिच्या पाठीवर बारीक रेघा उमटतात, शिंपल्यासारख्या. आजी, सुना, नाती, शेजारच्या घरातली एखादी मराठी मुलगी, सगळ्यांचे अंगठे दुखेपर्यंत हे चालतं. मग तळण, मग साखरेचा पाक. शेजारी नेवऱ्या होतात. गोड सारण भरलेली नेवरी हातात घेतली की शेजारच्या वहिनी म्हणतात, “अगं, ही तर आमची करंजी!” ती करंजीच आहे. दोदोल मात्र काळा, तुपकट, नारळ आणि गुळाचा. तो ज्याला आवडतो त्याला फार आवडतो, नाहीतर आवडतच नाही.

२५ तारखेला हे सगळं एका ताटात मांडून, वर क्रोशाचा रुमाल टाकून शेजारीपाजारी जातं. दिवाळीला याच घरी चकल्या-लाडवांचं ताट आलेलं असतं. आपल्याकडे ताट रिकामं परत करायची रीत नाही. मराठी घरातून ते ताट साखर, नारळ किंवा कुंदा घेऊन परत जातं. मांसाहार न करणाऱ्या शेजाऱ्याच्या ताटात डुकराच्या मांसाचं सोरपोतेल जात नाही. गृहिणीला सांगावं लागत नाही, तिला घरं पाठ असतात. राजकुमारी मेरीच्या समितीला जे काम यादी करून, वर्गवारी पाडून करावं लागलं ते कॅम्पातल्या बाया स्वयंपाकघरात उभ्या उभ्या करतात.

सगळेच सण इथे असे वाटले जात नाहीत. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे मराठी माणूस काळा दिवस पाळतो. राज्यसीमेच्या वादातून १९५६पासून हे चालू आहे. एकाचा उत्सव आणि दुसऱ्याचं सुतक एकाच रस्त्यावर. दुसऱ्याच्या सणात बाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे शिकायला इथल्या माणसाला परदेशी जावं लागत नाही.

तरीही परदेशातला पहिला नाताळ इथल्या मुलांना गोंधळात टाकतोच. बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडची मुलंमुली आता इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियात शिकायला-नोकरीला जातात. जाताना त्यांच्या डोक्यात सिनेमातला ख्रिसमस असतो: गर्दी, दिवे, नाच. आपल्याकडे सण म्हणजे बाजार फुलणार, रस्ते भरणार. गणपतीत बेळगावचे रस्ते रात्री दोनलाही जागे असतात. तिकडे नेमकं उलटं. गर्दी आणि दिवे महिनाभर आधी, आणि प्रत्यक्ष दिवशी सगळं चिडीचूप. लंडनमध्ये २५ डिसेंबरला ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, धावत नाही, रेल्वे धावत नाही, शहराच्या बसही उभ्या असतात. इंग्लंड-वेल्समध्ये २००४च्या कायद्यानं २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडायला बंदी आहे. जर्मनीत खरा सण २४ तारखेच्या संध्याकाळी. दुपारी दोनपर्यंत दुकानं मिटतात आणि २५, २६ दोन्ही दिवस सुट्टी. ज्यानं दूध-ब्रेड आधी भरून ठेवलं नाही तो तीन दिवस मॅगीवर. हा धडा बहुतेक जण पहिल्याच वर्षी, उपाशीपोटी शिकतात.

एकटेपणा खरा लागतो तो याच दिवशी. तिकडे हा सण रस्त्यावरचा नाही, घराच्या आतला आहे. दार लावून करायचा. वर्षभर हसून बोलणारे शेजारी त्या दिवशी दिसत नाहीत, यात रुसण्यासारखं काही नसतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपणही कुठे बाहेर फिरतो?

एखाद्या सहकाऱ्यानं जेवायला बोलावलंच तर जावं, आणि जाण्याआधी आपण काय खात नाही हे स्पष्ट सांगावं. इंग्रजाला यात वावगं वाटत नाही, ऐनवेळी ताट बाजूला सारलं की वाटतं. विशेषतः ‘मिन्स पाय’बद्दल. नावात खिमा आहे, आत मात्र बेदाणे, सफरचंद, मसाला. पूर्वी खरोखर मांस असायचं, आता नसतं, म्हणून शाकाहारी मुलगा निर्धास्त खातो. पण पारंपरिक सारणात ‘सूएट’ असतं आणि सूएट म्हणजे बहुधा गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. ख्रिसमस पुडिंगचंही तेच. वनस्पती चरबीचं सूएट दुकानात सहज मिळतं. विचारायचं तेवढं बाकी. कूतमधल्या शिपायाला ही सोय नव्हती.

बाकी रीतीभाती सोप्या आहेत. जेवणाआधी दोघांनी दोन टोकं धरून ओढायचा कागदी फटाका, म्हणजे क्रॅकर, फुटतो. आतून कागदी मुकुट निघतो आणि तो सगळ्यांनी, आजोबांनीसुद्धा, डोक्यावर घालून जेवायचं. लाजायचं नाही. दुपारी तीनला राजाचं भाषण लागतं. ही प्रथा १९३२मध्ये रेडिओवर पाचव्या जॉर्जनं सुरू केली, मेरीच्या वडिलांनीच. भेटवस्तू महाग नसावी. बेळगावचा कुंदा नेला तर त्यात काय काय आहे हे मात्र कागदावर लिहून द्यावं, कारण तिकडे कुणाला दूध चालत नाही, कुणाला काजू.

आणि प्रत्येक परदेशात नाताळ असतोच, किंवा एकसारखा असतो, असंही नाही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंसाठी २५ डिसेंबर हा साधा कामाचा दिवस. ऑस्ट्रेलियात तो ऐन उन्हाळ्यात येतो. इथिओपियात ७ जानेवारीला.

बेळगावात नाताळचा आठवडा संपतो तो ‘ओल्ड मॅन’वर. गवत, जुने कपडे, कागद आणि पोटात फटाके भरलेला म्हातारा. कॅम्पात तो विकायला उभा असतो, लहान-मोठ्या सगळ्या मापांत. गल्लीगल्लीतली पोरं वर्गणी काढून तो आणतात. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता त्याला पेटवतात. गोव्यात ही चाल आहे, कोचीत ‘पाप्पांजी’ म्हणून आहे, आणि बेळगावात ती केव्हाच कॅथलिक घरांबाहेर पडून मराठी, कानडी, मुसलमान अशा सगळ्या गल्ल्यांत गेली आहे. परदेशी गेलेल्या बेळगावकराला त्या रात्री लंडन-सिडनीची आतषबाजी बघताना आठवतो तो हा म्हातारा.

याच गावात आता परदेशातून आलेलेही नाताळ काढतात. केएलई या इथल्या शिक्षणसंस्थेच्या मलेशियाबरोबरच्या वैद्यकीय अभ्यासक्रमामुळे तिकडची मुलं वर्षानुवर्षं इथे शिकायला येतात. कुणी मुसलमान, कुणी चिनी वंशाचे बौद्ध, कुणी ख्रिस्ती. यंदा २५ तारखेला कॅम्पातून कुणाकडून ताट आलं, आणि आपल्या ओळखीचा असा एखादा मुलगा सुट्टीत गावातच अडकलेला असला, तर त्याला जेवायला बोलवा. फोन करून आधी एवढंच विचारा, की बाबा रे, तुला तिखट कितपत चालतं?